६० लिटरचं खूळ

दिवाळी आटोपली, ऑफिसात ट्रेकचे बेत शिजायला लागले, की हा प्रश्न येणारच: "सॅक किती लिटरची घेऊ?" उत्तरही ठरलेलं. "६०-७०ची घेऊन टाक, मोठी असलेली बरी." मला या उत्तराचा मनापासून राग आहे.

एक तर मोठी सॅक कधी रिकामी राहत नाही. हार्ड डिस्क राहते का? जागा दिसली की दुसरी जीन्स जाते, जाडजूड टॉवेल जातो, 'असू दे' म्हणून चिवड्याचा डबा जातो. वर ग्रुपची पातेली आणि कांदे-बटाटे ज्याच्या सॅकमध्ये जागा त्याच्याच गळ्यात!

संदकफूचंच घ्या. उंची ३,६३६ मीटर, मानेभंजनहून निघून काही दिवसांची चाल. टुमलिंग, कालिपोखरी, संदकफू... मुक्कामाला लॉज आहेत, गरम जेवण मिळतं, पांघरायला रजया मिळतात. तंबू नको, स्टोव्ह नको, शिधा नको. मग ६० लिटरमध्ये भरायचं काय? जाड जॅकेट, थर्मल, रेनकोट, दोन जोड कपडे, औषधं, टॉर्च, पाणी. ४० लिटरात आरामात बसतं. वरच्या २० लिटरांत कोंबलेलं सगळं बिखेभंजननंतरच्या शेवटच्या खड्या चढावर हिशेब चुकता करतं. (तंबू-शिधा स्वतः वाहणाऱ्यांनी खुशाल ६०ची घ्यावी. त्यांच्याशी माझं भांडण नाही.)

पण खरं सांगायचं तर प्रश्नच चुकीचा आहे. लिटर नंतर. आधी पाठ मोजा! मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप धरा. हा तुमचा साईझ. कमरेचा पट्टा त्या हाडावर बसला तर बहुतेक ओझं कंबर पेलते, खांद्यांचे पट्टे सॅक नुसती पाठीशी धरून ठेवतात. सॅकची पाठ तुमच्या पाठीपेक्षा लांब असली की पट्टा खाली घसरतो आणि सगळा भार खांद्यांवर. उतारावर तीच सॅक झोके देते, आणि गुडघे बोंबलतात.

तरी आपल्याकडे पाच फुटी मुलीला सहा फुटी भावाची सॅक देतात, "एकदाच तर जायचंय" म्हणून. दुसऱ्या दिवशी ती मागे पडली की सगळा ग्रुप ऐकवतो, "तुला स्टॅमिनाच नाही गं." ती बिचारी पुन्हा ट्रेकचं नाव काढत नाही. अरे, स्टॅमिना कसला? तुम्ही तिच्या पाठीवर दुसऱ्याचं माप लटकवलंत!

दुकानात सॅक कागदाचे बोळे भरून टांगलेली असते, तेव्हा ती सगळ्यांनाच छान बसते. आठेक किलो वजन भरून मागा. आधी कमरेचा पट्टा आवळा, मग खांद्यांचे, आणि जिना दोनदा चढा-उतरा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.