जपानी मोटार आणि अमेरिकन कुटुंब

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें व मुली आज अमेरिकेंत संसार थाटून राहिलीं आहेत. तेव्हां गेल्या महिन्यांत आमच्या घरीं जो प्रश्न निघाला, तो त्यांच्याही घरीं कधींतरी निघाला असेल. न्यू जर्सी येथील आमच्या भाच्यानें लिहिलें कीं, आईवडील व सासूसासरे या खेपेस एकदमच येणार असल्यानें घरची लहान गाडी पुरणार नाहीं. म्हणून त्यानें टोयोटाची सिएना ही आसनांच्या तीन ओळी असलेली मोटार घेण्याचें ठरविलें आहे. पत्र ऐकून आमच्या वहिनी म्हणाल्या, “फोर्डच्या देशांत राहून हा जपानची गाडी कां घेतो?” प्रश्न साधा खरा; पण उत्तर देऊं गेलों तों साठ-सत्तर वर्षें मागें जावें लागलें.

टोयोटा कंपनीनें अमेरिकेंत आपली विक्रीसंस्था स्थापन केली ती १९५७ सालच्या आक्टोबरांत, हॉलिवुड येथें. पुढील वर्षीं टोयोपेट क्राउन ही गाडी विक्रीस मांडली. जपानांतील खडबडीत रस्त्यांवर टिकावी म्हणून ती चांगली भक्कम बांधलेली होती, व स्वदेशीं तिला मानही होता. परंतु लॉस एंजेलीसच्या रुंद रस्त्यांवर इतर वाहनें ताशीं साठ मैलांनीं धांवत असतां क्राउनच्या दीड लिटरच्या एंजिनास धाप लागे, गाडी थरथरूं लागे, आणि चढावर एंजिन तापे. पहिल्या वर्षांत २८७ क्राउन खपल्या. थोड्याच काळांत तिची अमेरिकेंतील विक्री थांबवावी लागली, आणि दुकान चालू ठेवण्याचा भार लँड क्रूझर या दणकट गाडीवर पडला. अशा वेळीं गिऱ्हाइकास माल ओळखतां येत नाहीं असें म्हणून स्वस्थ बसणारे कारखानदार आम्हांस ठाऊक आहेत. टोयोटानें १९६५ सालीं कोरोना आणली ती एंजिन मोठें करून, आणि क्लचची दगदग ज्यांस नको त्यांच्यासाठीं आपोआप गिअर बदलण्याची सोय ठेवून.

पुढें १९७३ सालीं तेलाचा तुटवडा झाला व लहान, काटकसरी गाड्यांस दिवस चांगले आले, हा भाग सर्वश्रुत आहे. १९८१ सालीं घडलेली गोष्ट मात्र तितकी ध्यानांत घेतली जात नाहीं. अमेरिकन कारखान्यांवर संकट आलेलें पाहून तेथील सरकारनें दडपण आणलें, व वर्षास १६ लक्ष ८० हजारांहून अधिक मोटारी न धाडण्याचें जपाननें कबूल केलें. परंतु मोजूनच गाड्या धाडावयाच्या तर त्या स्वस्त कां धाडाव्या? जपानी कंपन्या अधिक मोठ्या, अधिक नफ्याच्या गाड्यांकडे वळल्या. होंडानें १९८२ सालीं ओहायो प्रांतांत मेरिझव्हिल येथें प्रत्यक्ष अमेरिकन भूमीवरच मोटारी बांधण्यास आरंभ केला. १९८६ सालीं होंडाची अक्युरा व १९८९ सालीं टोयोटाची लेक्सस, हीं उंची गाड्यांचीं नवीं नांवें बाजारांत आलीं. ज्यास आवरावयाचें त्यासच वरच्या माडीवर नेऊन बसविल्यासारखें हें झालें.

लेक्ससच्या तयारीसाठीं टोयोटानें १९८५ सालीं कांहीं माणसें कॅलिफोर्नियांत लगूना बीच येथें भाड्याच्या घरांत ठेवलीं. सधन अमेरिकन कुटुंब कसें राहतें हें जवळून पाहणें, एवढेंच त्यांचें काम! १९८९ सालच्या डिसेंबरांत, विकून झालेल्या सुमारें ८,००० गाड्यांत कांहीं दोष आढळले, तेव्हां कंपनीनें त्या मालकांच्या दारांतून नेल्या, दुरुस्त केल्या, आणि धुऊन, टाकी भरून परत आणून दिल्या.

आतां भाच्याच्या सिएनाकडे वळूं. २००४ च्या सिएनाची आखणी युजी योकोया या अभियंत्याकडे आली. उत्तर अमेरिकेसाठीं गाडी करण्याचा प्रसंग त्यांस पूर्वीं आला नव्हता. त्यांनीं अमेरिकेचीं पन्नासही संस्थानें, कॅनडाचे सर्व प्रांत व मेक्सिको मिळून सुमारें ५३,००० मैलांचा प्रवास मोटारीनें केला. मिसिसिपी नदीच्या पुलावर आडव्या वाऱ्यानें गाडी कशी ढकलली जाते, हें त्यांनीं अनुभविलें. सांता फे गांवच्या अरुंद गल्ल्यांत वळतांना होणारी अडचणही पाहिली. जपानांत माणूस खाण्यापिण्यासाठीं गाडी थांबवितो. अमेरिकेंत मात्र मैलोगणती चालत्या गाडींतच कुटुंबाचें खाणें उरकतें. म्हणून पेले व बाटल्या ठेवण्यासाठीं एकंदर १४ खळगे केले. सुतारकामाची हौस असलेले गृहस्थ ४ फूट रुंद व ८ फूट लांब फळ्या घरीं नेतात, हें पाहून तेवढी फळी आंत मावेल इतकी जागा राखली. गाडी विकत घेतात आईबाप, पण तिच्यावर राज्य असतें मुलांचें, हेंही योकोयांनीं हेरलें, व मागील भाग ऐसपैस केला.

मुंज किंवा लग्न असतां एका मोटारींत दहा जणांस कोंबून नेणाऱ्या आम्हां लोकांस चौदा खळग्यांचें हंसूं येईल. पण घरांतल्या माणसांची सोय पाहण्यासाठीं एवढी पायपीट आपल्याकडील किती कारखानदार करतात?

तथापि आमचा एक आक्षेप आहे. गिऱ्हाइकाच्या मागें चालतां चालतां या कंपन्या आपली मूळची वाट सोडून बऱ्याच दूर आल्या आहेत. १९७६ ची होंडा अकॉर्ड सुमारें साडेतेरा फूट लांब होती. २०२३ ची अकॉर्ड सोळा फुटांच्याही पुढें गेली आहे. टोयोटाची कॅम्री १९९७ पासून बहुतेक दरवर्षीं अमेरिकेंत सर्वांत अधिक खपणारी बैठी मोटार ठरत आली. पण २०१७ सालीं तिच्याच घरच्या रॅव्ह ४ या उंच गाडीनें तिला मागें टाकलें. काटकसर हा ज्यांचा परवाना होता, त्यांनींच अंगणें अडविणाऱ्या गाड्या कराव्या, हें आम्हांस रुचत नाहीं. सध्याची सिएना तेलाच्या जोडीला विजेचीही मदत घेते, एवढा दिलासा आहे.

हें सर्व वहिनींस सांगितलें. आणि भाच्यानें घेतलेली गाडी अमेरिकेंतच, इंडियाना प्रांतांत बांधली जाते, हेंही सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, “तें सगळें ठीक. दाराशीं पायरी किती उंच आहे? माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात.” तेवढें भाच्यास विचारलें आहे, सूत लावून मोजून कळवितों, असें तो म्हणतो.