युद्धाचा जमाखर्च

गेल्या पावसाळ्यात एका वक्तृत्वस्पर्धेस परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आमच्यावर आला. विषय होता, ‘युद्धाने राष्ट्र घडते’. ज्या तरुणाने पहिले बक्षीस मिळविले त्याची वाणी शुद्ध होती, आवेश अस्सल होता, आणि त्याचे तीन मुद्दे टाळ्यांच्या गजरात स्वीकारले गेले: युद्धामुळे लोकांस हक्क मिळतात, युद्धामुळे उपेक्षित शिपायास प्रतिष्ठा मिळते, आणि युद्धामुळे नागरिक भेद विसरून एक होतात. बक्षीस वक्तृत्वाचे होते, म्हणून आम्हीही त्यास भरपूर गुण दिले. परंतु घरी परतताना मन स्वस्थ बसेना. ते मुद्दे त्या मुलाचे नव्हते. सभांतून, वर्तमानपत्रांतून आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकीतून त्याने ते उचलले होते. तेव्हा आमचा झगडा त्याच्याशी नाही, त्याला हे पढविणारांशी आहे. आणि त्या पढविणारांत आमच्यासारखे प्राध्यापकही आलेच.

आरंभी एक खुलासा केला पाहिजे. आक्रमण झाले असता लढावेच लागते, हे नाकारण्याइतके आम्ही भाबडे नाही. घरात चोर शिरला तर काठी उचलणे हे कर्तव्यच होय. परंतु चोरीमुळे घराला वळण लागते असे म्हणून चोराची वाट पाहत बसणारास शहाणा कोण म्हणेल? आमचा आक्षेप लढण्यास नसून, लढण्याच्या या लाभदायक हिशेबास आहे.

पहिला मुद्दा हक्कांचा. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे समुद्रापार गेली, त्यांपैकी ७४,००० हून अधिक परत आली नाहीत, आणि १९१७ साली या दरिद्री देशाच्या माथी १० कोटी पौंडांची ‘देणगी’ मारण्यात आली. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी माँटेग्यूसाहेबांनी जबाबदार राज्यपद्धतीचे वचन दिले, तेव्हा रक्ताचे मोल पदरात पडणार असे पुष्कळांस वाटले. १९१८ साली खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडले. टिळकांना मात्र सौदा रोखठोक हवा होता. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांस अडविले, आणि टिळक सभात्याग करून निघून गेले. सौद्याचा निकाल खरे म्हणजे तेथेच लागला होता.

युद्ध नोव्हेंबरात थांबले आणि मार्चात रौलट कायदा आला. १९१५ चा भारतसंरक्षण कायदा युद्धानंतर सहा महिन्यांनी आपोआप मरावयाचा होता; त्याचे प्राण शांततेच्या कुडीत भरावे यासाठीच हा नवा खटाटोप होता. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत, सरकारी मोजदादीप्रमाणे बोलावयाचे तरी, ३७९ माणसे मारली गेली. आणि ती त्याच पंजाबात, ज्याने त्या युद्धास सर्व प्रांतांहून अधिक शिपाई दिले होते!

कोणी म्हणेल, १९१९ च्या सुधारणाही आल्याच की. आल्या खऱ्या; परंतु त्या पदरात पडण्यापूर्वी तुरुंगाची कडी घट्ट झाली होती. दुसरा कोणी म्हणेल, सरकार परके होते म्हणून असे घडले. ही पळवाटही आमच्या इतिहासाने ठेविलेली नाही. १९६२ चे चीनशी युद्ध महिनाभरात थांबले. २६ ऑक्टोबरला पुकारलेली आणीबाणी मात्र १९६८ च्या जानेवारीपर्यंत चालू होती. १९७१ चे युद्ध तेरा दिवसांचे. ३ डिसेंबरला पुकारलेली आणीबाणी उठली १९७७ च्या मार्चमध्ये. ‘छोडो भारत’ चळवळ चिरडण्यासाठी १९४२ साली इंग्रजांनी लष्करास विशेष अधिकार देणारा जो वटहुकूम काढला, त्याच्याच नमुन्यावर १९५८ साली आमच्या संसदेने कायदा केला. युद्धाच्या निमित्ताने हाती आलेली काठी राज्यकर्ता आपण होऊन खाली ठेवीत नाही. मग तो परका असो वा आपला.

दुसरा मुद्दा शिपायाच्या प्रतिष्ठेचा. मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या फौजेचे नावच मुळी पुणे डिव्हिजन असे होते, आणि तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना सामान वाहण्याच्या गाड्यांतून खडखडत नदीपर्यंत आणण्यात आले. पुढे सुमारे पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. सेनापती टाउनशेंड यांचा बंदिवास कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर सुखासमाधानात गेला. शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले, आणि त्यांतले कित्येक लोहमार्गाच्या कामावर खपले. चौकशी झाली, अहवाल निघाला, १९१७ साली भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामाही दिला. राजीनामा ही मोठ्यांची शिक्षा. कोकणातल्या आणि देशावरच्या ज्या घरांत पोर परतलेच नाही, त्यांना त्या राजीनाम्याचे काय होय?

आणि प्रतिष्ठा म्हणाल, तर महार शिपायाचे उदाहरण महाराष्ट्रीयाने तरी विसरू नये. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत. तो स्तंभ उभा असतानाच त्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जातीं’चे शास्त्र निघाले आणि महारांची भरती बंद झाली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली केलेला अर्ज सरकारच्या कानी गेला नाही. १९१७ साली माणसे कमी पडू लागताच मात्र १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडण्यात आली. पुन्हा महायुद्ध पेटले तेव्हा, १९४१ साली, बेळगावास महार रेजिमेंट निघाली. शौर्य तेच, माणसेही तीच. बदलत होती ती केवळ सरकारची गरज. गरजेपुरती दिलेल्या या वागणुकीस प्रतिष्ठा म्हणावयाचे काय?

तिसरा मुद्दा नागरिकांच्या एकोप्याचा. १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात पोहोचताच बंगालच्या किनाऱ्यावरील होड्या जप्त करण्यात आल्या आणि तांदूळ हलविण्यात आला. पुढच्या वर्षीच्या दुष्काळात, अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे, ३० लाखांच्या आसपास माणसे मेली. त्याच वेळी कलकत्त्यातील युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांस धान्याची तरतूद होती. ज्याने ते धान्य पिकविले त्या खेड्यास नव्हती. एकोपा म्हणतात तो हाच असेल, तर फाटाफूट कशास म्हणावे?

मुंबईकरांस आणखी जवळचे उदाहरण आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीला आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. बोटीत स्फोटके होती, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. त्या माणसांनी कोणाशी युद्ध पुकारले नव्हते. बंदराशेजारी राहणे एवढाच त्यांचा अपराध. आणि ज्या स्फोटाने अर्धे शहर हादरले, त्याची सविस्तर बातमी छापावयास सेन्सॉरच्या कृपेने मे महिना उजाडावा लागला. आपल्या मृतांची संख्या जाणण्याचा हक्कही नागरिकास राहत नाही, हे आधुनिक युद्धाचे खास वैशिष्ट्य होय.

या तिन्ही खात्यांत जमेची बाजू राज्यकर्त्याकडे आणि खर्चाची शिपायाकडे व रयतेकडे, असा हा हिशेब आहे. याचा विसर पडतो म्हणूनच पुढच्या वेळी विशेष अधिकार मागणारास ते टाळ्यांच्या गजरात मिळतात. म्हणून आमची मागणी साधी आहे. लढावे लागलेच तर लढावे. परंतु युद्धासाठी केलेल्या प्रत्येक कायद्याच्या कपाळी त्याच्या मृत्यूची तारीख पहिल्याच दिवशी लिहिलेली असावी, ती वाढविण्याचा अधिकार ज्याला कायद्याचा लाभ होतो त्याच्या एकट्याच्या हाती नसावा, आणि मेलेल्यांची मोजदाद कोणापासूनही लपविली जाऊ नये. एवढे मागणारास देशद्रोही म्हणण्याची चाल पडली आहे. तसे म्हणणारांनी आधी सांगावे की, देश म्हणजे नक्की कोण?

त्या बक्षीसपात्र तरुणास आम्ही दिलेले गुण आता परत घेता येत नाहीत. परंतु पुढल्या स्पर्धेस पुन्हा बोलावणे आलेच, तर विषय आम्ही सुचविणार आहोत: ‘युद्ध संपले, हे कोणी ठरवावे?’ त्या दिवशी टाळ्या कमी पडल्या तरी चालतील.