बोटाचा ठसा आणि कुळाचा शिक्का

सोलापुरांत ‘सेटलमेंट’ हें नांव अजून कायम आहे. परंतु एके काळीं तेथें तारेचें कुंपण होतें, याची आठवण शहरांतील किती सुशिक्षित घरांत उरली असेल, याची शंकाच आहे. कैकाडी, मांग-गारुडी, पारधी अशा जमातींचीं कुटुंबें सरकारनें त्या कुंपणांत आणून वसविलीं. गिरणींत राबावें, ठरल्या वेळीं हजेरी द्यावी आणि परवान्यावांचून बाहेर पडूं नये, असा तेथील शिरस्ता. १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वयें नोंद झालेल्या कोणाही इसमाच्या बोटांचे ठसे केव्हांही घेण्याची मुखत्यारी अधिकाऱ्यांस होती. अपराध शाबीत होण्याची अट नाहीं. जन्म हाच पुरावा! सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हें १८७१ च्या मूळ कायद्यामागील तत्त्वज्ञान. तो सारा खटाटोप ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं देशभर रद्द झाला.

ही जुनी गोष्ट आज काढण्याचें कारण २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा. १९२० च्या कायद्यानें बोटांचे व पावलांचे ठसे आणि छायाचित्र एवढेंच घेतां येई. आतां डोळ्यांतील बुबुळ, रक्त, केस आणि त्यांचें पृथक्करण, म्हणजे अर्थात् डीएनए, हेंहि ‘मोजमापांत’ आलें. हें सर्व ७५ वर्षें राष्ट्रीय दप्तरांत राहावयाचें. अठराव्या वर्षीं सांपडलेल्या पोराची नोंद त्याच्या त्र्याण्णवाव्या वर्षापर्यंत!

बलात्कार किंवा खून शाबीत झालेल्या अपराध्याचा नमुना सरकारनें जपून ठेवावा, याला आमची हरकत नाहीं. याच शास्त्रानें कित्येक निरपराध्यांची तुरुंगांतून सुटका झाली आहे. आमचा तंटा कायद्याच्या व्याप्तीशीं आहे. शिक्षा कोणत्याही अपराधाची असो, आणि इसम केवळ अटकेंतला असो, तो या जाळ्यांत येतोच. अटकेंतल्यास रक्त देण्याचें नाकारतां येतें खरें. पण अपराध स्त्री अथवा बालकाविरुद्धचा किंवा सात वर्षांच्या शिक्षेचा असेल तर तेंहि नाहीं. निर्दोष सुटलेल्याची नोंद सारे कायदेशीर उपाय संपल्यावरच नष्ट व्हावयाची, आणि तीहि न्यायाधीशानें कारणें लिहून उलट हुकूम दिला नाहीं तर.

“ज्यानें कांहीं केलें नाहीं, त्यानें भ्यावें कशाला?” हा प्रश्न आमच्या दिवाणखान्यांतून मोठ्या ऐटीनें विचारला जातो. तो विचारणाऱ्याच्या दारीं संशयावरून शिपाई कधीं आला आहे काय? चोरी झाली कीं पारध्यांच्या पालावर आधीं धाड पडते, हें आपण सर्व जाणतों. ज्यांस वारंवार पकडतात त्यांचेच नमुने दप्तरांत सांठणार, आणि दप्तरांत आहेत म्हणून पुन्हां त्यांच्याचकडे बोट दाखविलें जाणार.

शिवाय बोटाचा ठसा त्या एका बोटाचाच. डीएनए मात्र एकट्याचा नसतो. त्यांत बाप, भाऊ, लेंक यांचाही माग लागतो. म्हणजे नोंद एकाची आणि पाळत सगळ्या कुळावर! सत्तर वर्षांपूर्वीं कायद्यांतून हांकललेलें आनुवंशिक गुन्हेगारीचें भूत प्रयोगशाळेच्या मागल्या दारानें परत येऊं शकतें. प्रयोगशाळांवर देखरेख करणारें मंडळ ज्या डीएनए विधेयकांत होतें, तें विधेयक तर सरकारनें २०२३ सालीं मागेंच घेतलें.

ही भीति कपोलकल्पित नव्हे. तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाका, असें सर्वोच्च न्यायालयास २०२४ च्या ऑक्टोबरांत सांगावें लागलें. विमुक्त जमातींस ‘सराईत’ समजण्याच्या खोडीवरहि त्यानें तेव्हांच ताशेरे ओढले.

तेव्हां नमुने घोर अपराध शाबीत झालेल्यांचेच घ्यावेत. आणि इसम निर्दोष सुटतांच, त्याच्या अर्जाची वाट न पाहतां, सरकारनें आपण होऊन ते नष्ट करून तसा लेखी दाखला त्याच्या घरीं पोंचवावा.