गृहशोभा : जुन्या रंगीत बाटल्या

घराच्या शोभेकरितां जुन्या रंगीत बाटल्या मांडून ठेवण्याची आवड अलीकडे पुष्कळ घरांत दिसते. खिडकीच्या फळीवर निळी, हिरवी, मधाच्या रंगाची अशी ओळ लावावी, सकाळचें ऊन त्यांतून यावें आणि समोरच्या भिंतीवर रंग उमटावे, हें दृश्य मनोहर आहे यांत शंका नाहीं. कित्येक वडीलधारी मंडळी ह्या छंदास पोरखेळ म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. मात्र ह्या बाटल्या आपल्या घरांत कोठून आल्या, एवढें तरी मांडणाऱ्यास ठाऊक असावें, ह्या हेतूनें आज थोडें लिहितों.

आमच्या नगरचेंच उदाहरण घेऊं. १८०३ च्या ऑगस्टांत येथील किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला व पुढें येथें लष्करी छावणी वसली. अशा छावण्यांच्या गांवीं सोडावॉटरचा प्रसार सहज झाला. गोळीच्या सोड्याची बाटली हायरम कॉड नामक इंग्रजाची युक्ति असून तिचें पेटंट १८७२ सालचें आहे. हिच्या मानेंत रबराचें कडें व आंत काचेची गोळी असते. वायूच्या दाबानें गोळी कड्यास घट्ट बसते व तीच बुचाचें काम करते. गोट्यांच्या लोभानें मुलांनीं ह्या बाटल्या इतक्या फोडल्या कीं, जुनी व धड बाटली आज सहसा मिळत नाहीं.

दुसरी वाट औषधाची. गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ सालीं नगरास आयुर्वेद महाविद्यालय काढलें, हें वाचकांस विदित असेलच. वैद्यांच्या रसशास्त्रांत काचकूपीचें मोठें माहात्म्य आहे. पारा व गंधक यांची कज्जली कूपींत भरावयाची, कूपीस कापडमातीचे सात लेप देऊन ते वाळवावयाचे, आणि ती वालुकायंत्रांत, म्हणजे वाळूनें भरलेल्या भांड्यांत, ठेवून मंद, मध्यम व तीव्र अशा क्रमानें अग्नि द्यावयाचा. तांबडा रससिंदूर कूपीच्या गळ्याशीं जमतो. तो काढण्यासाठीं रॉकेलांत भिजविलेली दोरी कूपीभोंवतीं बांधून पेटवितात व लागलींच ओलें फडकें लावितात; कूपी तेथेंच दुभंगते. औषध हातीं येतें तें कूपी फुटल्यावरच. म्हणून वैद्याच्या घरीं एखादी जाड कूपी अखंड उरली असेल, तर ती जपावी. डॉक्टरी मिश्रणाची बाटली ह्याहून साधी. तिच्या अंगावर मात्रा दाखविणारी कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटविलेली असे.

तिसरी वाट स्वदेशीची. अंताजी दामोदर काळे यांनीं पैशापैशानें उभारलेल्या पैसाफंडांतून १९०८ सालीं तळेगांव येथें काचेचा कारखाना निघाला. १९१६ सालीं कऱ्हाडाजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरीं गेला. बाटलीच्या बुडाशीं एखाद्या एतद्देशीय कारखान्याचें नांव उठलेलें आढळल्यास ती विलायती बाटलीहून कमी देखणी असली तरी पुढच्या ओळींत ठेवावी, असें आमचें मत आहे.

रंगांचीही कारणें असतात. वाळूंतील लोहामुळें काच हिरवट होते. कोबाल्टानें निळी होते. गंधक, कोळसा व लोह यांच्या योगानें मधाळ होते. मॅंगनीज घातलेली पांढरी काच अनेक वर्षें उन्हांत राहिली तर जांभळट होत जाते. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. विलायतेंत एकोणिसाव्या शतकांत विषारी द्रव्यांच्या बाटल्या बहुधा गडद निळ्या वा हिरव्या व अंगास कंगोरे असलेल्या करीत, हेतु हा कीं, अंधारांत हात लागतांच मनुष्य सावध व्हावा. तेव्हां जुन्या बाटलींत पाणी, तेल वा सरबत कधींही भरूं नये. तळाशीं कांहीं द्रव्य उरलें असेल तर ती उघडूं नये, हुंगूं नये, मुलांच्या हातीं देऊं नये.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत जुना वाडा उतरवितांना माळ्यावर पोतेंभर बाटल्या निघाल्या. धाकट्या सूनबाईंनीं त्या हौसेनें धुवून दिवाणखान्यांत मांडिल्या. त्यांत कागदी पट्ट्या भिजून गेल्या. आजींनीं सात बाटल्या ओळखिल्या. ही मामंजींच्या दम्याच्या औषधाची, ही माहेरून आलेल्या गुलाबपाण्याची, असें त्या सांगत गेल्या. उरलेल्यांची आठवण सावकाश करूं म्हणाल्या. पुढच्याच वर्षीं त्या निवर्तल्या. तीस-चाळीस बाटल्या आजही तेथें चमकतात, पण त्या कोणाच्या हें घरांत कोणास ठाऊक नाहीं.

स्फटिकाजवळ जास्वंदीचें फूल ठेविलें कीं स्फटिक तांबडा दिसतो, हा वेदान्तांतील प्रसिद्ध दृष्टांत आहे. बाटलीचा रंग तिचा स्वतःचा खरा. परंतु तिच्याविषयीं जें ममत्व वाटतें तें ज्या माणसाच्या हातांतून ती गेली त्याच्यामुळें. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तु आयुष्यभर जमविल्या व १९७५ सालीं तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सामान्य वस्तूंसही इतिहास असतो, हें त्यांनीं दाखवून दिलें.

म्हणून मांडणाऱ्यांनीं इतकें करावें. कागद चिकटलेली बाटली पाण्यांत बुडवूं नये. कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी. इतर बाटल्यांत रिठ्याचें कोमट पाणी व मूठभर तांदूळ घालून हलवावें. कढत पाणी ओतूं नये. जड बाटल्या खालच्या फळीवर ठेवाव्या व फळीस पुढून पट्टी मारावी, म्हणजे लहान मुलांच्या धांवपळींत धक्का बसला तरी निभावेल. आणि पहिली बाटली फळीवर चढविण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ तीं सारीं गांठोडीं उघडून बसावें. त्यांनीं जें सांगितलें तें, नांव व अंदाजें सालासह, पेन्सिलीनें चिठीवर लिहून प्रत्येकीच्या गळ्यांत दोऱ्यानें बांधावें. मांडणी दिवाळीपर्यंत लांबली तरी चालेल. हें काम मात्र ह्याच महिन्यांत उरकावें.