थांबलेला पट्टा पुन्हा सुरू करताना

दिवाळीचा फराळ संपला, की जिममधल्या ट्रेडमिलपुढे गर्दी वाढते. पावसाळ्यात मोडलेली सवय, त्यामागोमाग आलेले सणवार, मध्येच डेंगी किंवा चिकुनगुन्याने खाल्लेले काही आठवडे, अशी कारणे प्रत्येकाची वेगळी. पण धावणे थांबलेले असते हे खरे. त्यातच थंडीच्या तोंडावर मुंबई-पुण्याची हवा जड होते आणि मैदानावर धावणारेही बंद खोलीकडे वळतात. या गर्दीत दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण मे महिन्यात ज्या वेगावर थांबला होता, तोच आकडा दाबून पट्ट्यावर चढतो. दुसऱ्याने मोबाइलवर जिममध्ये कोसळणाऱ्या कोणाचा तरी व्हिडिओ पाहिलेला असतो. तो पट्ट्याकडे बघून चालायचाही बेत रद्द करतो.

दोघांपुढचा प्रश्न एकच आहे: बंद पडलेले धावणे पुन्हा सुरू करणे धोक्याचे आहे का? उपलब्ध संशोधनाचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. धोका नियमित धावण्यात फारसा नाही आणि थांबून राहण्यात बराच आहे. मात्र थांबणे आणि धावणे यांच्यामधला जो जोड आहे, पुन्हा सुरुवात करण्याचे पहिले काही आठवडे, तिथे काळजी घ्यावी लागते.

भीती कुठून आली?

ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या ४६व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. व्यायामानंतर त्यांना अस्वस्थ वाटू लागले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये विनोदवीर राजू श्रीवास्तव दिल्लीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर असताना कोसळले आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. या घटनांची वैद्यकीय कारणे बाहेरून ठरवता येत नाहीत. पण त्यानंतर कोविड, लस आणि व्यायाम यांविषयीच्या अफवांना ऊत आला.

त्या पार्श्वभूमीवर आयसीएमआरने देशातील ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लशीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास, कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, मृत्यूआधीच्या ४८ तासांत अति मद्यपान किंवा अमली पदार्थांचे सेवन आणि त्याच ४८ तासांतील अतिश्रमाचा व्यायाम यांचा मात्र अशा मृत्यूंशी संबंध आढळला. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. तरीही यादीतला शेवटचा मुद्दा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

त्याचा अर्थ लावायला एक जुना अभ्यास उपयोगी पडतो. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांकडून झटक्याआधीच्या तासांत त्यांनी काय केले याची माहिती घेण्यात आली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे सहापट होता. पण ही सरासरी फसवी होती. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा जोरदार व्यायाम करणाऱ्यांत हा धोका केवळ २.४ पट वाढला. आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत तो १०७ पट झाला.

१०७ हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. कोणत्याही एका तासात निरोगी माणसाला झटका येण्याची शक्यता इतकी कमी असते, की तिचे शंभरपट केले तरी ती लहानच राहते. आकड्याचा खरा अर्थ वेगळा आहे. तोच पट्टा, तोच वेग. पण सवय असलेल्या शरीराला तो रोजचा व्यवहार वाटतो आणि सवय सुटलेल्या शरीराला धक्का. नियमित व्यायाम हाच या धक्क्यावरचा उपाय आहे, फक्त तो एका दिवसात मिळत नाही.

खंड पडतो तेव्हा आत काय होते?

अमेरिकी शरीरक्रियातज्ज्ञ एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये नियमित सराव करणाऱ्यांना काही काळ पूर्ण थांबायला सांगून मोजमाप केले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी घटली आणि बारा आठवड्यांपर्यंत ही घट १६ टक्क्यांवर गेली. सुरुवातीच्या घटीचे मोठे कारण साधे आहे. सराव थांबला, की शरीरातील रक्ताचे एकूण प्रमाण कमी होते, प्रत्येक ठोक्यात हृदय कमी रक्त फेकते आणि तेवढ्याच वेगासाठी त्याला जास्त ठोके टाकावे लागतात. म्हणून परतलेल्याला पूर्वीच्याच वेगावर जास्त दम लागतो. ते इच्छाशक्तीचे अपयश नसते.

अमेरिकेतीलच डॅलसचा प्रयोग यापुढे जातो. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. त्यांची क्षमता पाव भागाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीन दशकांच्या वाढत्या वयाने केलेले नुकसान त्या तीन आठवड्यांच्या नुकसानापेक्षा कमी निघाले. नंतर त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणे, धावणे, सायकल चालवणे असा सराव दिला. पन्नाशीतले ते पाचही जण सरासरीने आपल्या विशीतल्या मूळ पातळीपर्यंत पोहोचले. गेलेली क्षमता परत येते. पण तिला महिने द्यावे लागतात.

हिशेब गेल्या तीस दिवसांचा

हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत जुळवून घेऊ लागतात. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि हाडे यांचा वेग त्याहून बराच मंद असतो. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम लागणे कमी होते, ‘जमायला लागले’ असे वाटते, वेग वाढवला जातो आणि नडगी, टाच किंवा गुडघा दुखू लागतो. मग पुन्हा महिनाभर विश्रांती.

दर आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करू नये, हा नियम जिममध्ये सर्रास सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्या धावकांवर त्याची चाचणी झाली, तेव्हा नियम पाळणारे आणि नेहमीचा सराव करणारे यांच्या दुखापतींत फरक दिसला नाही. दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जायबंदी झाला. २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावकांच्या नोंदी तपासून वेगळाच धागा पकडला. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेक दिवसाचे धावणे महत्त्वाचे ठरले. गेल्या ३० दिवसांतील सर्वांत लांब धावण्यापेक्षा एखाद्या दिवशी १० टक्क्यांहून जास्त धावले, की दुखापतीचा धोका स्पष्टपणे वाढत होता. दुपटीहून जास्त धावणाऱ्यांत तो सर्वाधिक होता.

परतणाऱ्यासाठी याचा अर्थ रोखठोक आहे. माणसाच्या आठवणीत सहा महिन्यांपूर्वीचे पाच किलोमीटर असतात. शरीराच्या खात्यात गेल्या तीस दिवसांचे शून्य असते.

पट्ट्यावरचे व्यवहार

रस्त्यावर थकलेला माणूस नकळत मंदावतो. ट्रेडमिल मंदावत नाही. दाबलेला आकडा ती इमानेइतबारे पाळते. म्हणून सुरुवातीला वेगापेक्षा वेळ ठरवावी. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. प्रत्येक वेळी २० ते २५ मिनिटे. भराभर चालताना मध्ये एक-एक मिनिट हळू धावणे इतपत पहिले दोन आठवडे पुरे. बोलता बोलता एक पूर्ण वाक्य सलग म्हणता आले पाहिजे. ते तुटत असेल, तर वेग जास्त आहे. नंतर आधी धावण्याची मिनिटे वाढवावीत, वेग सर्वांत शेवटी.

रस्त्यासारखा ताण यावा म्हणून पट्ट्याला १ टक्का चढ द्यावा, असा सल्ला मिळतो. तो १९९६ च्या एका अभ्यासातून आला आणि वेगाने धावणाऱ्यांना लागू पडतो. हळू धावणाऱ्याने त्याची चिंता करू नये. खरा फरक उष्णतेचा आहे. एका जागी धावताना अंगावर वारा येत नाही, घाम सुकत नाही आणि किनारपट्टीच्या दमट हवेत ठोके लवकर चढतात. पंखा समोर हवा आणि पाणी हाताशी. पुढचा दांडा घट्ट धरून धावल्याने पडद्यावर कॅलरी वाढतात, पायांचे काम मात्र घटते. कपड्याला अडकवायची सेफ्टी क्लिप शोभेची नाही. पाय घसरला, तर पट्टा तीच थांबवते.

डॉक्टरांकडे कोणी जावे?

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१५ मध्ये आपली तपासणीची पद्धत बदलली. त्यात सध्या नियमित व्यायाम चालू आहे का, हा प्रश्न आजार आणि लक्षणांच्या बरोबरीने आला. व्यायाम बंद आहे आणि मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, तर आधी डॉक्टरांना भेटावे. छातीत दाब, चक्कर, थोड्या श्रमाने लागणारा दम ही लक्षणे असल्यास वय न पाहता जावे. आपल्याकडे अनेकांना मधुमेह असल्याचे ठाऊकच नसते, त्यामुळे चाळिशीनंतर साखर आणि रक्तदाब तपासूनच सुरुवात केलेली बरी. ताप असताना धावू नये. विषाणूंच्या संसर्गात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. हृदयाची टीएमटी तपासणीही ज्या प्रचलित पद्धतीने होते, तिची सुरुवात ताशी २.७ किलोमीटरच्या चालीने, चढावर होते आणि दर तीन मिनिटांनी ताण वाढतो. डॉक्टर समोर असतानाही कोणी एकदम पळायला सांगत नाही.

या साऱ्या काळजीचा अर्थ घरी बसणे असा घेतला, तर मात्र नुकसान मोठे आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, २००० मध्ये हे प्रमाण २२ टक्के होते. स्त्रियांत ते ५७ टक्के आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरदार व्यायाम सांगते. भराभर चालणेही त्यात मोजले जाते.

सवय बसायलाही वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागले. कोणाला १८, कोणाला त्याहून कितीतरी जास्त. एखादा दिवस चुकल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. त्यामुळे बुधवार हुकला, म्हणून गुरुवारी दुप्पट धावायची गरज नाही.

एक जबाबदारी जिमचीही आहे. प्रवेशाच्या वेळी वजन आणि फीची चौकशी होते. ‘गेल्या महिन्यात किती धावलात?’ हे क्वचितच विचारले जाते. तो एक प्रश्न विचारला आणि पहिल्या महिन्याचा वेग त्याच्या उत्तरावर ठरवला, तर अनेक गुडघे वाचतील आणि काही जीवही. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र आणावे लागणार नाही.