मोटारीची शाकारणी

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं घर शाकारून घ्यावें, पन्हळींतील पालापाचोळा काढावा, फुटकीं कौलें बदलावीं, हा आपल्याकडील गृहस्थाचा जुना नेम आहे. कौलांच्या जागीं आतां सिमेंटची गच्ची आली, तरी तो नेम सर्वस्वीं सुटलेला नाहीं. गच्चीवरील पाण्याच्या वाटा मोकळ्या आहेत कीं नाहींत, हें शहाणा माणूस मे महिन्यांतच पाहून ठेवतो. परंतु ज्या दुसऱ्या छपराखालीं घरांतील माणसें रोज तास-दीड तास बसतात, त्या मोटारीच्या छपराची आठवण मात्र सहसा कोणास होत नाहीं. तिच्या तळाशीं ओल दिसूं लागली, कुबट वास येऊं लागला, म्हणजे मग धांवपळ सुरू होते. एका वाचकांनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, कांचेच्या कडेस दोनदां लेप लावूनहि मोटारींत पाणी येतेंच, तेव्हां आतां काय करावें? हा प्रश्न पुष्कळ घरांतून पडत असावा, म्हणून या वेळचें पान आम्ही त्यास देत आहों.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. मोटार ही घट्ट झांकणाची डबी आहे, आणि पाणी आंत आलें म्हणजे तीस कोठें तरी भोंक पडलें, असें बहुतेकांस वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. दाराची कांच ज्या फटींतून वरखालीं होते, त्या फटींतून पावसाचें पाणी दाराच्या पोकळींत शिरतेंच. तें तसेंच खालीं उतरतें आणि दाराच्या खालच्या कांठास ठेवलेल्या लहान छिद्रांतून रस्त्यावर पडतें. बैठकीच्या बाजूस तें येऊं नये म्हणून दाराच्या आंतील फळीमागें प्लॅस्टिकचा किंवा तशाच पदार्थाचा पातळ पडदा चिकटविलेला असतो. पुढील कांचेच्या पायथ्याशीं, जेथें वायपर बसविलेले असतात तेथें, जाळीदार झांकणाखालीं एक पन्हळ असते; कांचेवरून ओघळणारें पाणी तींत पडून कडेच्या वाटांनीं जमिनीवर जातें. छपरांत उघडझांप होणारी कांच, म्हणजे सनरूफ, असेल तर तिच्या सभोंवतींचें रबर सगळें पाणी अडवीत नाहीं, आणि तशी अपेक्षाहि नसते. फटींतून आलेलें पाणी खालच्या तबकांत पडतें व कोपऱ्यांतील बारीक नळ्यांवाटे, छपराच्या खांबांतून, खालीं उतरतें. सारांश, मोटार घडविणारांनीं पाणी सर्वस्वीं अडविण्याचा हट्ट धरलेला नाहीं. त्यास जाण्यास वाट करून दिली आहे. ती वाट बुजली म्हणजे तुंबलेलें पाणी वळून पायाखालीं येतें. म्हणून गळती दिसतांच लेपाची नळी हातीं घेणें हा पुष्कळदां उलटा उपाय ठरतो. उरलीसुरली वाटहि त्यानें बंद होण्याचा संभव असतो.

या वाटांवरून किती पाणी जात असेल, याचा हिशेब घरांतील मुलांकडून करवून घेण्याजोगा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. मध्यम आकाराची मोटार सुमारें ४ मीटर लांब व १.७ मीटर रुंद धरली, तर तिनें व्यापलेली जागा ६.८ चौरस मीटर होते. कोंकणपट्टींत एका दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस पडणें ही नवलाची गोष्ट नव्हे. तेवढ्या पावसांत त्या मोटारीवर ६८० लिटर पाणी पडतें. ता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या हिशेबानें उघड्यावर उभ्या असलेल्या अशा मोटारीवर ६,४०० लिटरांहून अधिक पाणी पडलें असलें पाहिजे. असली अतिवृष्टि सोडून दिली, आणि नेहमींच्या १०० मिलिमीटर पावसापैकीं शंभरावा हिस्साच वाट चुकून आंत वळला असें धरलें, तरी सुमारें पावणेसात लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ अर्धी बादली, पायाखालच्या गालिचांत मुरेल.

वाट बुजविणारी वस्तु बहुतेक वेळां अगदीं क्षुद्र असते. उन्हाळ्यांत सावली मिळावी म्हणून आपण मोटार झाडाखालीं उभी करितों, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण गुलमोहराच्या बारीक पर्णिका व पाकळ्या ऐन पावसाच्या तोंडावर गळतात, त्या कांचेच्या पायथ्याच्या जाळींतून खालीं जातात, वर धूळ बसते, आणि पहिल्या सरीबरोबर त्या सर्वांचा चिखल होऊन पन्हळीचें तोंड लिंपून जातें.

आतां गळतीचा उगम कसा शोधावा, तें पाहूं. पाणी निम्नगामी आहे एवढें आपण सर्व जाणतों. पण खालीं जातांना तें पत्र्याच्या घडींतून, तारांच्या जुडग्यावरून, अस्तराच्या मागून कितीहि आडवें जातें, हें विसरतों. छपराच्या कोपऱ्यांत शिरलेलें पाणी पायाखालीं दिसतें, आणि मागील दिव्याच्या सांध्यांतून आलेलें पाणी डिकींतील जादा चाकाच्या खळग्यांत सांपडतें. म्हणून जेथें ओल तेथेंच दोष, असें अनुमान करूं नये. आपल्या तर्कशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक अशा दोन कसोट्या आहेत: कारण असतां कार्य घडतें काय, आणि कारण नसतां तें टळतें काय. त्या दोन्ही येथें नेमक्या लागू पडतात.

पाऊस नसतां, केवळ ए.सी. चालविलेल्या दिवशींच पुढच्या बैठकीखालीं स्वच्छ पाणी येत असेल, तर पावसाचा संबंध नाहीं. हवेंतील बाष्पाचें त्या यंत्रांत जें पाणी होतें, तें बाहेर नेणारी नळी बहुधा तुंबलेली असते. ओल चिकट असून तीस गोडसर वास येत असेल व पुढील कांचेवर तेलकट धुकें धरत असेल, तर तें पाणी नसून इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे. तो विषारी असल्यामुळें मुलांस दूर ठेवून मोटार गॅरेजांत न्यावी. उभ्या मोटारींत ओल न येतां केवळ डबक्यांतून गेल्यावरच ती येत असेल, तर तळाच्या पत्र्यांतील रबरी बुचें पाहावीं. ब्रेक दाबतांच किंवा वळण घेतांच डोक्यावर एकदम पाणी आलें, तर सनरूफचें तबक भरलें आहे असें समजावें. आणि उभ्या मोटारींत पाऊस असतांच ओल येत असेल, तर पन्हळ, सनरूफ, दारें व पुढील कांच यांची क्रमानें तपासणी करावी.

ही कसोटी न लावतां दोष ठरविला म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण आमच्या परिचयाच्या घरांत घडलें. घर चौदा माणसांचें. मोटार एकच, आणि ती चालविण्यास एक पगारी चालक. श्रावणांत एके सकाळीं चालकाच्या शेजारच्या बैठकीखालीं गालिचा भिजलेला आढळला. रात्रीं कांच उघडी राहिली असली पाहिजे, असें वडील मंडळींनीं ठरविलें. आणि कांच लावण्याचें काम चालकाचें. पुढें आणखी दोनदां तोच प्रकार झाला, तेव्हां गालिचा धुण्याचा खर्च त्याच्या पगारांतून कापण्यांत आला. "काका, कांच मीं लावली होती," एवढेंच तो म्हणाला व गप्प बसला. धाकट्या सूनबाईंस मात्र हें पटलें नाहीं. त्यांनीं पहिल्या रात्रीं चारही कांचा स्वतः लावून किल्ली आपल्यापाशीं ठेविली; पाऊस झाला, आणि गालिचा भिजला. दुसऱ्या रात्रीं मोटार शेजारच्या पत्र्याच्या छपराखालीं ठेवविली. पाऊस झाला, गालिचा कोरडा. तिसऱ्या रात्रीं ती पुन्हां उघड्यावर, पण पुढील कांच व तिच्या पायथ्याची पन्हळ मेणकापडानें झांकून ठेविली. पाऊस झाला, तरी गालिचा कोरडाच. मिस्त्रीकडून पन्हळीवरील झांकण काढविलें, तेव्हां खालीं ओंजळभर कुजलेला पाला निघाला. मिस्त्रीची मजुरी त्या चालकाच्या कापलेल्या पैशांहून कमी भरली. सासऱ्यांनीं त्यास बोलावून सर्वांदेखत पैसे परत केले व "आमचें चुकलें" असें म्हटलें, हें त्यांस भूषणावह आहे; पण मधल्या पंधरा दिवसांत एका प्रामाणिक माणसाच्या बोलण्यावर कोणीं विश्वास ठेविला नाहीं, त्याची भरपाई पैशानें होत नाहीं.

ज्यांस तीन रात्रीं थांबावयाचें नाहीं, त्यांनीं कोरड्या दिवशीं घरींच परीक्षा करावी. गालिचाचा कोपरा उचलून खालचा पत्रा पुसावा व तेथें वर्तमानपत्राचे कागद पसरावे. कागदावर पहिला थेंबहि लगेच उमटतो. एकानें विजेरी घेऊन आंत बसावें, दुसऱ्यानें बागेच्या नळीनें बाहेरून मंद धार सोडावी. धार आधीं दारांच्या खालच्या भागावर, मग दारांच्या कांचांवर, मग पुढील कांचेच्या पायथ्याशीं, मग तिच्या कडांवर व शेवटीं छपरावर, अशी खालून वर न्यावी, आणि प्रत्येक जागीं पांच-सात मिनिटें थांबावें. वरून आरंभ केल्यास पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळतें आणि कोणता सांधा दोषी तें कळत नाहीं. मोटारी धुण्याच्या जागचा जोराचा फवारा येथें वापरूं नये; तो चांगल्या रबराखालींहि पाणी घुसवूं शकतो. दाराचें रबर पाहण्यास कागदाची पट्टी मध्यें धरून दार लावावें व ती ओढून पाहावी. जेथें ती सहज सुटून येते, तेथें रबर दबलेलें आहे.

दोष कळला म्हणजे उपाय बहुधा सोपा असतो. पन्हळींतील पाला हातानें काढावा. दाराच्या खालचीं छिद्रें खराट्याच्या काडीनें मोकळीं करावीं. सनरूफच्या नळींत मऊ नायलॉनची दोरी हलक्या हातानें घालावी व नंतर तबकाच्या कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओतून तें खालीं बाहेर पडतें कीं नाहीं तें पाहावें. तेथें कडक तार घालूं नये व हवेचा जोराचा झोतहि मारूं नये; नळी आंतल्या आंत फाटते किंवा सुटते, आणि मग सगळें अस्तर उतरविण्याची पाळी येते. दारांतील पडदा ध्वनिक्षेपक बसवितांना किंवा कांचेची दुरुस्ती करतांना फाडून ठेवलेला पुष्कळदां आढळतो. तो मिस्त्रीकडून पुन्हां नीट चिकटवून घ्यावा.

पुढील कांचेविषयीं मात्र विशेष सावधगिरी हवी. ती पत्र्यास एका बळकट चिकट द्रव्यानें जोडलेली असते आणि मोटारीच्या सांगाड्यास बळकटी देते. अपघातांत शेजारच्या बैठकीपुढील एअरबॅग फुगते, तीहि अनेक मोटारींत याच कांचेचा आधार घेते. बाजारांतील सिलिकॉनचा लेप तिच्या कडेस फासणें म्हणूनच हितावह नाहीं. त्या लेपांपैकीं व्हिनेगरसारखा वास येणारा जो प्रकार आहे, त्यांतून सुटणाऱ्या आम्लानें पत्रा गंजतो. शिवाय सिलिकॉनचा अंश मागें राहिला, तर पुढें खरें चिकटद्रव्य तेथें धरत नाहीं. कांचेचा सांधाच सुटला असेल, तर ती जाणत्या कारागिराकडून काढवून पुन्हां बसवावी, आणि तो सांगेल तितका वेळ मोटार हलवूं नये.

गळती थांबली म्हणजे काम संपलें, असेंहि नाहीं. गालिचाखालीं स्पंजासारखा जाड थर असतो. वरून हात कोरडा लागला, तरी त्या थरांत पाणी आठवडेच्या आठवडे राहतें. त्यांत बुरशी वाढते, आणि बंद कांचांच्या मोटारींत ती श्वासाबरोबर घरांतील दमेकरी वृद्धांच्या व लहान मुलांच्या छातींत जाते. पत्रा आंतून गंजतो, तो बाहेरून दिसतहि नाहीं. याहून मोठी गोष्ट अशी कीं, हल्लींच्या अनेक मोटारींत विजेच्या तारांचीं जुडगीं व कांहीं नियंत्रक यंत्रें गालिचाखालीं किंवा बैठकीखालीं असतात. त्यांचे सांधे ओलीनें हिरवे पडले म्हणजे दिवे आपोआप लागतात, बॅटरी उतरते, आणि मध्यरात्रीं आजारी माणसास इस्पितळांत न्यावयाचें तेव्हांच मोटार सुरू होत नाहीं.

म्हणून मॅट काढाव्या, गालिचा शक्य तितका उचलावा, जुने पंचे व वर्तमानपत्रें दाबून पाणी शोषून घ्यावें व तीं वारंवार बदलावीं. ऊन मिळेल तेव्हां चारही दारें उघडून मोटार उन्हांत ठेवावी. न मिळेल तेव्हां मोकळ्या जागीं अर्धा तास ए.सी. चालवावा, म्हणजे आंतील हवा कोरडी होते. बैठकीखालीं पिवळ्या रंगाचे तारांचे सांधे दिसले, तर ते ओढूं नयेत. ते बहुधा एअरबॅगचे असतात. सुगंधी कुपी टांगून वास झांकण्याचा प्रघात तर अगदींच सोडावा. वास हा येथें दूत आहे, त्याचें तोंड बंद करण्यांत शहाणपण नाहीं.

पुराचें पाणी खालून आंत शिरणें ही बाब मात्र सर्वस्वीं निराळी. अशी मोटार पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. इंजिनांत पाणी गेलें असल्यास त्या एका प्रयत्नानें तें कायमचें निकामी होऊं शकतें. ती ओढूनच गॅरेजांत न्यावी.

असो. वैशाखांतला एखादा रविवार या कामास पुरेसा आहे. पन्हळ, दारांचीं छिद्रें, सनरूफच्या नळ्या, दारांचीं रबरें व डिकींतील जादा चाकाचा खळगा, एवढ्या पांच जागा पाहावयाच्या. आणि पुढें पावसाळाभर दर पंधरवड्यास पन्हळींतील पाला काढीत जावा. घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलांकडे हें काम सोंपविल्यास तीं तें हौसेनें करतात, व पाण्याची वाट कशी असते तें त्यांस पुस्तकाविना कळतें.