पोट लपवण्यापेक्षा हलवलेले बरे

एक मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरा डोंबिवली पूर्वेला. दोन्हीकडे मोठी गृहसंकुले झाली, त्यांच्याबरोबर क्लबहाऊस आले आणि क्लबहाऊसमध्ये झुंबापासून बॉलीवूडपर्यंतचे नाचाचे वर्ग. शहरांत आता बेली डान्सही शिकवला जातो. त्याच्या जाहिरातीत बहुधा एक वाक्य ठरलेले असते : पोटाची चरबी घटवा. नेमका तोच दावा पोकळ आहे. जो भाग हलवाल तिथलीच चरबी वितळेल, अशी सोय शरीरात नाही. चरबी आधी कुठून उतरणार हे अनुवंश, संप्रेरके आणि वय ठरवतात. वजनासाठी ताटाकडेच पाहावे लागते. या नाचाचा खरा फायदा वेगळा आहे आणि तो सांगायला कोणी पैसे खर्च करत नाही.

या नृत्याचे अरबी नाव ‘रक्स शर्की’, म्हणजे पूर्वेकडचा नाच. १८९३ साली शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात अमेरिकनांनी हा नाच पाहिला आणि ‘बेली डान्स’ हे काहीसे चावट नाव तिथे रूढ झाले. आपल्याकडे तो पोहोचला हिंदी सिनेमातून, ‘शोले’तल्या हेलनच्या गाण्यासारख्या प्रसंगांतून. त्यामुळे तो खलनायकाच्या अड्ड्यावरचाच नाच, ही समजूत घट्ट बसली.

प्रत्यक्षात हा कानाचा व्यायाम आहे. दरबुका या तालवाद्यावर मधोमध पडणारा ‘दुम’ हा जड आघात आणि कडेचा हलका ‘तक’. ढोलकी ऐकून वाढलेल्या कानाला हा फरक लगेच कळतो. नाचणारीने जड आघातावर कंबर टाकायची, हलक्यावर उचलायची, आणि व्हायोलिन किंवा बासरी लांब सूर धरू लागली की तोच सूर हातांनी, धडाने सावकाश ओढायचा. छाती स्थिर, कंबर फिरती, गुडघे किंचित सैल. एक भाग हलवताना दुसरा थांबवणे मेंदूला सोपे नसते. सुरुवातीला सगळेच एकदम हलते आणि हसू येते. काही आठवड्यांच्या सरावाने कंबर कुठे आहे हे आरशात न पाहता कळू लागते. स्नायू आणि सांध्यांकडून मेंदूला जाणारी ही खबर जितकी स्पष्ट, तितका तोल चांगला. पन्नाशीनंतर पडण्याची भीती वाढते, तेव्हा ही शिदोरी उपयोगी पडते.

‘मला ताल कळतच नाही,’ असे म्हणणाऱ्या बायका पुष्कळ. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००९ मध्ये दोन-तीन दिवसांच्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला. मुख्य मात्रा गाळली की झोपलेल्या बाळांच्याही मेंदूत त्याची नोंद होत होती. ताल अजिबात न कळणारी माणसे असतात, पण फारच थोडी. बाकीच्यांना ताल असतो, सराव नसतो.

आता आत्मविश्वासाचे. आपल्याकडे मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की ‘पोट आत घे, नीट बस’ सुरू होते. पुढे बाळंतपण, सिझेरियनचा व्रण, सुटलेले पोट, आणि मग प्रत्येक फोटोत पर्स पोटापुढे. पोट सतत आत ओढून धरले की श्वासपटल नीट खाली उतरत नाही, श्वास उथळ होतो. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात बेली डान्स करणाऱ्या ११२ स्त्रियांची तुलना तो कधीच न केलेल्या १०१ विद्यार्थिनींशी केली गेली. नाचणाऱ्या स्त्रिया आपल्या शरीरावर कमी नाराज होत्या आणि ‘लोकांना मी कशी दिसते’ या नजरेने स्वतःकडे कमी पाहत होत्या. अर्थात, मुळातच धीट असलेल्या बायका अशा वर्गाला जात असतील, ही शक्यता उरतेच. एवढ्या अभ्यासावरून नाच हे औषध म्हणून लिहून देता येणार नाही. पण दिशा पटण्यासारखी आहे : शरीर कसे दिसते याऐवजी ते काय करू शकते, याकडे लक्ष वळते.

हे शिकायला कैरोला जावे लागत नाही. पद्मश्री यमुनाबाई वाईकर बैठकीच्या लावणीत जागेवर बसून, केवळ चेहरा आणि हातांच्या अदेने एकेक ओळ रंगवत. वय वा बांधा आड आला नाही. मंगळागौरीच्या पिंगा, झिम्मा, बसफुगडीतही ताल, तोल आणि मोकळे हसू असतेच. अडचण एवढीच की ती श्रावणात होते आणि बाकीचे अकरा महिने सांधे आखडून बसतात. कंबर हलवणारी बाई चांगल्या घरातली नसते, या जुन्या समजुतीचाही त्यात वाटा आहे. लावणीला टाळ्या वाजवणारे घरच्या सुनेला नाचू देत नाहीत, हा दुटप्पीपणा आरोग्याच्याही मुळावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. आठवड्याला १५० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, आणि घरकामातून तेवढा दम दर वेळी लागतोच असे नाही. नाच त्यात धरता येतो.

वर्गाला जाण्यापूर्वी काहींनी डॉक्टरांना विचारावे : नुकतेच सिझेरियन झालेल्या, मणक्याची चकती सरकलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या आणि गर्भवती स्त्रियांनी. खोकताना, हसताना किंवा नाचताना लघवी थेंबथेंब होत असेल तर ‘वयामुळे’ म्हणून गप्प बसू नये. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम त्यावर गुणकारी आहेत आणि सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात ते विचारता येतात.